घरचा प्रश्न

भोपाळच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत सहायक पाळक नेमायचा असला की उमेदवाराला भर उपासनेत उभं करून प्रश्न विचारतात, आणि पहिला प्रश्न उमेदवाराच्या घरातूनच यावा लागतो. हा नियम शास्त्रात कुठे नाही. मंडळी सुरू करणारी माणसं मंडीदीपच्या कारखान्यांत कामाला होती. माल बाहेरच्या तपासनिसापुढे ठेवण्याआधी आपल्याच खात्यात तपासायचा, ही त्यांची रोजची सवय. तीच त्यांनी चर्चमध्ये आणली. घरच्या माणसाने उभं राहून प्रश्न विचारायचा आणि उत्तर पुरेसं वाटेपर्यंत उभंच राहायचं. तो बसला की घरचा प्रश्न संपला. तो उभा असेपर्यंत कामकाज पुढे सरकत नाही.

बहुतेक वेळा हा उपचारच असतो. मागे एका उमेदवाराच्या आईने बारा शिष्यांची नावं विचारली होती. मुलगा सातव्या नावावर अडखळला तशी ती पटकन खाली बसली आणि मंडळीने टाळ्या वाजवल्या.

अमृता रणभिसेच्या वेळी तसं होणार नाही, असं वाटायला कारण होतं. ती मंडळीची पहिली बाई उमेदवार, पण भानगड त्याची नव्हती. सरतेशेवटी देव एकूण एक माणसाचं तारण करील, नरकाचं दार कायमचं बंद राहणार नाही, अशी आशा ख्रिस्ती माणसाने धरावी का, या प्रश्नावर तिने धर्मशास्त्राच्या पदवीचा प्रबंध लिहिला होता, आणि धरावी असं तिचं उत्तर होतं. तरुणांच्या एका सभेत ती हे बोलली आणि आठवड्याभरात ते सगळ्या घरांत पोचलं. काही जणांनी तिला जेवायला बोलावलं, काही जणांनी तिच्या आईशी बोलणं कमी केलं.

बाहेरचे परीक्षक म्हणून नागपूरहून रेव्हरंड मनोहर आढाव येणार होते. सहायक पाळकाला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर आणि द्राक्षारस, देण्याचा अधिकार नागपूरच्या वरिष्ठ मंडळाकडून मिळतो, आणि तो आढावांच्या अहवालावर ठरतो. त्यांनी पंचकमिटीच्या सेक्रेटरी मालतीबाई शिरसाठ यांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की हा विषय मी स्वतः उकरून काढणार नाही, पण कुणी काढला आणि मुलगी सगळे तरतील या मतावर अडून राहिली, तर मला विरोधात लिहावं लागेल. म्हणजे सगळं घरच्या प्रश्नावर येऊन ठेपलं होतं. आणि घरचा प्रश्न विचारणार होते अमृताचे वडील, दिगंबर रणभिसे.

दिगंबरराव मंडीदीपच्या एका फाउंड्रीत तपासणी खात्यात होते. पंपांची ओतीव कास्टिंग तिथे बनत. सदोष कास्टिंगवर ते लाल रंगाचा पट्टा मारत, आणि एकदा मारलेला पट्टा मॅनेजरच्या सांगण्यावरूनही पुसत नसत. निवृत्तीनंतर नेहरू नगरातल्या घरी त्यांनी हाच बाणा चालू ठेवला. भाजीवाल्यापासून पाळकापर्यंत कुणीही त्यांच्या तपासणीतून सुटलं नाही.

परीक्षेच्या रविवारी सकाळी अमृताच्या आईने, प्रमिलाबाईंनी, पोह्यांची ताटली नवऱ्यापुढे ठेवली आणि बाप्तिस्म्याचं विचारा म्हणून सांगितलं. अमृताला ते तोंडपाठ होतं.

"तोंडपाठ आहे ते कशाला विचारू?" दिगंबरराव म्हणाले.

"अहो, परीक्षा पास करायचीय तिला. कास्टिंग नाहीये ते."

ते बुटांना पॉलिश करत राहिले. अमृता आतून हे ऐकत होती. बाहेर येऊन तिने वडिलांना एवढंच सांगितलं की तुम्हाला जे विचारायचं असेल ते विचारा. ते तू सांगायला नको, असं उत्तर तिला मिळालं.

मराठी उपासना जवाहर चौकाजवळच्या एका शाळेच्या सभागृहात भरते. त्या दिवशी सभागृह भरलं होतं. वर्षातून दोनदाच, नाताळाला आणि पुनरुत्थानाच्या दिवशी येणारी कुटुंबंही आली होती. गाणी झाली, प्रार्थना झाली. आढाव पहिल्या रांगेत कडेला बसले होते. मोठ्या देहाचा, शांत बोलणारा माणूस. मालतीबाईंनी उमेदवाराचं नाव पुकारलं. अमृता पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाच्या, खाली जमिनीवर येऊन उभी राहिली. पुलपिटावर जायचा हक्क अजून तिला नव्हता.

दिगंबरराव बाकाचा आधार घेऊन उठले. त्यांचा डावा गुडघा कामातून गेलेला आहे, ऑपरेशन ते दरवर्षी पुढे ढकलतात.

"सगळ्या माणसांचं तारण होईल असं तू मानतेस का?" त्यांनी विचारलं. "हो की नाही, ते आधी सांग. कारणं नंतर."

प्रमिलाबाईंनी डोळे मिटून घेतले. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. आढावांनी चष्मा काढून पुसला, कारण आता त्यांना सुटका नव्हती.

"होईल अशी आशा धरते," अमृता म्हणाली. "होईलच असं शिकवणार नाही."

"आशा काय, मलाही आहे की माझा गुडघा बरा होईल. तेवढ्यावर डॉक्टर मला फिट लिहून देत नाही. कशाच्या जोरावर धरतेस?"

लोक हसले. अमृताही हसली, आणि मग तिने आपला जोर सांगितला. सर्व माणसांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा आहे, असं शास्त्रच म्हणतं. आदामामुळे सर्व मरतात आणि ख्रिस्तामुळे सर्व जिवंत होतील, असं पौल लिहितो. मरताना सर्व म्हणजे एकूण एक, आणि जगताना सर्व म्हणजे आपल्या मंडळीत नाव असलेले, असा हिशेब तिला लावता येत नव्हता. हरवलेल्या मेंढराची गोष्ट तिने सांगितली. तो मेंढपाळ मेंढरू सापडेपर्यंत शोधत राहतो. अंधार पडला म्हणून परत फिरला, असं त्या गोष्टीत नाही.

घरचा प्रश्न चालू असताना बाहेरच्या परीक्षकाला त्यात भर घालायची मुभा असते. आढाव उठले. मेंढरांची दुसरीही एक गोष्ट शास्त्रात आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. तिथे मेंढरं उजवीकडे जातात आणि शेरडं डावीकडे, आणि डावीकडच्यांची शिक्षा सार्वकालिक आहे. उजवीकडच्यांचं जीवनही सार्वकालिकच आहे. शिक्षेची मुदत तू कमी केलीस तर जीवनाचीही करावी लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. अमृताने ते टाळलं नाही. आपल्या विरोधातला हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि प्रबंधात सर्वांत जास्त पानं त्यालाच गेली, असं तिने सांगितलं. न्याय आहे, शिक्षा आहे, आणि ख्रिस्तावाचून तारण नाही, ही तिन्ही वाक्यं तिने आढावांच्या मागोमाग शब्दशः म्हटली. तिला एवढंच विचारायचं होतं, की शिक्षा देताना देवाच्या मनात काय असतं. माणूस सुधारावा हे असतं, की हिशेब चुकता व्हावा हे?

"ठीक," आढाव म्हणाले. "पण सगळे तरणारच असतील तर आम्ही रविवारी सकाळी उठायचं कशाला? झोपून राहू."

"सर, तुम्ही भीतीने उठता का?"

मालतीबाईंना हसू आवरलं नाही. आढावही गालात हसले आणि खाली बसले. दिगंबरराव मात्र उभेच होते. एव्हाना त्यांनी सगळा भार उजव्या पायावर घेतला होता. मालतीबाईंनी एक खुर्ची ओढत आणून त्यांच्या मागे ठेवली. त्यांनी मागे न बघता ती पायाने बाजूला सारली.

"बसा हो," प्रमिलाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"बसलो तर ती फुकटात पास होईल."

हे त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं नाही. अमृताने ते ऐकलं आणि वडिलांकडे वळून त्यांच्याच कामातला प्रश्न विचारला. ज्या कास्टिंगवर तुम्ही लाल पट्टा मारत होता, ते कुठे जायचं?

"भट्टीत."

"जाळून टाकायला?"

"लोखंड जळतंय होय? वितळवायला. परत ओतायला."

सभागृहात एक समाधानाची लाट आली. फाउंड्रीत काम केलेली माणसं तिथे कमी नव्हती, आणि नरकाच्या आगीचा हा अर्थ त्यांना एका क्षणात दिसला. बसा आता, झालं, असं मालतीबाईंनी तोंडाने सांगितलंही. सगळ्यांना वाटलं, मुलगी सुटली.

दिगंबररावांनी मान हलवली. "हे मी तुला शाळेत असताना सांगितलेलं आहे. माझाच माल मला दाखवू नकोस. लोखंड नको म्हणत नाही, अमृता. माणूस म्हणतो. ज्याने मरेपर्यंत नको म्हटलं, त्याचं काय?"

हा प्रश्न कुणाबद्दल आहे, ते तिथे प्रत्येकाला माहीत होतं.

काशिनाथ रणभिसे हे दिगंबररावांचे थोरले भाऊ. त्याच फाउंड्रीत भट्टीवर होते. नगर जिल्ह्यातून आधी ते इथे आले आणि धाकट्या भावाला त्यांनी मागून बोलावून घेतलं. मंडळीच्या पहिल्या उपासना त्यांच्याच खोलीत भरल्या. भट्टीवर त्यांचा जोडीदार होता हल्केराम, सागर जिल्ह्याकडचा. एकदा वितळलेल्या लोखंडाची बादली कलली तेव्हा हल्केरामने काशिनाथना ढकलून बाजूला केलं आणि स्वतः सापडला. तीन दिवस इस्पितळात जगला. त्याला पुरून आल्यावर, म्हणजे त्यांच्यात पुरतात, काशिनाथनी तेव्हाच्या पाळकांना विचारलं की हल्केरामची गाठ मला वर पडेल का. पाळक प्रामाणिक होते. त्याने ख्रिस्ताला स्वीकारलं नव्हतं, त्यामुळे पडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. जिथे हल्केरामला जागा नाही तिथे मला जायचं नाही, असं काशिनाथ म्हणाले आणि सभागृहातून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत.

नंतर चार पाळक झाले. प्रत्येकाने त्यांना बोलावून पाहिलं. ते चहा पाजत, युनियनच्या गप्पा मारत आणि नको म्हणत. शेवटच्या आजारात दिगंबररावांनी भावाच्या उशाशी पाळकांना आणून बसवलं. काशिनाथनी त्यांना बसल्या जागी संत्री सोलून द्यायला लावली, प्रार्थना मात्र करू दिली नाही. त्याच रात्री ते गेले. त्यांना दफनभूमीत जागा मिळाली, पण दिगंबरराव त्या दिवसापासून भावाबद्दल मंडळीत एक शब्दही बोलले नव्हते. भाऊ हरवला, असं ते मानत होते. मानणं भाग होतं, कारण तेच ते शिकले होते आणि शिकलेलं स्वतःच्या घरापुरतं वाकवणं त्यांना जमत नव्हतं. अमृता काकांच्या मरणानंतर वर्षभरात बँकेतली नोकरी सोडून धर्मशास्त्र शिकायला गेली.

आढावांना ही हकीकत मालतीबाईंनी सकाळीच सांगितली होती. ते पुन्हा उठले. बापलेकीला यातून सोडवावं, असं त्यांच्या मनात आलं असावं.

"रणभिसे, बसा तुम्ही," ते म्हणाले. "मुली, हे मी देवावर सोपवते, एवढं म्हणशील का? तेवढं म्हटलंस तर मी इथेच थांबतो. विरोधात काही लिहीत नाही."

यात खोटं काही नव्हतं. कोणताही ख्रिस्ती माणूस हे वाक्य म्हणू शकतो. म्हण ना, असं प्रमिलाबाईंचे ओठ हलताना शेजारच्यांना दिसलं. अमृता आढावांकडे वळली.

"सोपवतेच, सर. पण ते म्हणून मी गप्प बसले तर बाबांनी विचारलं त्याचं उत्तर झालं नाही. ते अजून उभे आहेत."

आढाव बसले.

"काकासाठी म्हणतेस का हे सगळं?" दिगंबररावांनी विचारलं.

"सुरुवात काकांपासून झाली. ते लपवून काय करू? पण काकांना एक कायदा आणि बाकीच्या जगाला दुसरा, असं मला करता येईना. म्हणून सगळ्यांपर्यंत जावं लागलं."

"तो नको म्हणाला."

"काका देवाला नको म्हणाले नाहीत, बाबा. हल्केरामला मागे टाकून यायला नको म्हणाले. हे तर देवाच्याच वळणाचं बोलणं झालं."

"असेल. तिथेही तो तेच म्हणेल. दादाला मी ओळखतो, तो हटायचा नाही. मग?"

"मग आधी हल्केरामला बोलवावं लागेल."

कुणी हसलं नाही. आढावांनी बसल्या जागेवरूनच विचारलं की हल्केरामला कोणत्या विश्वासाने बोलवणार. त्याने तर ख्रिस्त कधी मानला नाही. आवाजात दटावणी नव्हती. त्यांना उत्तर हवं होतं.

"मला माहीत नाही," अमृता म्हणाली.

"माहीत नाही?" हे दिगंबरराव.

"नाही. कसं होईल ते मला माहीत नाही, आणि शास्त्रात सापडलंही नाही. काका दाराशी उभे आहेत, हल्केरामशिवाय आत येत नाहीत, म्हणून देव कंटाळून दार लावून घेईल, हे मात्र मला पटत नाही. चार वर्षं शिकले, तरी कुणाला ते मला पटवता आलं नाही."

दिगंबरराव आणखी काही वेळ तसेच उभे राहिले. लेकीकडे ते जसे बघत होते, तसं बघणं फाउंड्रीतल्या जुन्या माणसांच्या ओळखीचं होतं. कास्टिंगभोवती दोनदा फिरून झाल्यावर, रंगाचा ब्रश हातात घ्यायचा की नाही हे ठरवताना ते असेच थांबत.

मग ते बसले.

घरचा प्रश्न संपला होता. मालतीबाईंनी नियमाप्रमाणे आढावांना मत विचारलं. ते उभे राहून नीट, सावकाश बोलले. मुलीचा अभ्यास पक्का आहे, वागणूक चोख आहे, आणि या एका बाबतीत ती चुकते आहे असं माझं मत आहे. तसं मी नागपूरला लिहीन. प्रभुभोजन देण्याचा अधिकार तिला लगेच मिळणार नाही, कदाचित पुढेही मिळणार नाही. पण पाळक कोणाला म्हणायचं हे ठरवणं मंडळीचं काम आहे, माझं नाही.

आमच्याकडे मत हात वर करून देत नाहीत. ज्यांना उमेदवार मान्य आहे त्यांनी उठून उभं राहायचं. मालतीबाईंनी तसं पुकारलं आणि सभागृह जागच्या जागी बसून राहिलं. सगळे एकमेकांकडे बघत होते. बाप आत्ताच खाली बसलेला, त्याच्या आधी कसं उठायचं, असा तो संकोच होता.

दिगंबररावांनी एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्याने बाक धरलं आणि ते पुन्हा उठले. या खेपेला वेळ लागला. प्रमिलाबाईंनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"मालतीबाई, इतिवृत्तात लिहा," ते म्हणाले. "हिचं म्हणणं मला पटलेलं नाही. तपासलं, आणि पटलेलं नाही. माणूस पास आहे."

प्रमिलाबाई उठल्या. मग फाउंड्रीची माणसं उठली, मग त्यांची कुटुंबं, मग मधले बाक. शेवटच्या दोन रांगांतली काही घरं बसून राहिली, आणि ती का बसली हे नंतर कुणी त्यांना विचारलं नाही. अमृता सहायक पाळक झाली. प्रभुभोजन तिला अजूनही देता येत नाही. उपदेश ती दर दुसऱ्या रविवारी करते, आणि दिगंबरराव पहिल्या रांगेत बसून चुका काढतात.

उपासनेनंतर व्हरांड्यात चहा होता. पास का केलंत, असं मालतीबाईंनी टोमण्याच्या सुरात दिगंबररावांना विचारलं. पटलं नाही म्हणता आणि पहिले उठता.

"कास्टिंगला भोक पडलं की कामगार त्यात पुट्टी भरतात आणि वरून रंग मारतात. माझा अर्धा जन्म ते शोधण्यात गेला," दिगंबरराव म्हणाले. "तिला भोक बुजवायची संधी आयती दिली होती साहेबांनी. तिने ते उघडं ठेवलं."

साहेब म्हणजे आढाव. ते कप घेऊन जवळच उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं. वाईट वाटून न घेता ते पुढे आले आणि हात मिळवून म्हणाले, की हट्टीपणात मुलगी थेट तुमच्यावर गेली आहे.

व्हरांड्यात गर्दी होती. बसून राहिलेली घरंही तिथेच चहा पीत होती. दिगंबररावांनी आवाज चढवला नाही, पण तो शेवटपर्यंत ऐकू गेला.

"माझ्यावर नाही, साहेब. काशिनाथवर गेलीय. माझ्या थोरल्या भावावर. ही मंडळी त्याच्या खोलीत सुरू झाली."

मग त्यांनी मालतीबाईंकडून खुर्ची मागून घेतली.